दगड लागून गाडीचं ऑइल चेंबर (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) फुटलंय, गॅरेजवाला दोन दिवसांनी या म्हणतोय. सोलापुरात घरीच बदलता येईल का?

येईल. जुळे सोलापुरात आमच्या अंगणात मी माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचं चेंबर बदललंय. पण आधी मला एक सांगा: दगड लागल्यावर डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला का, आणि लागल्यानंतर गाडी किती चालवली?

क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरणारा दांडा, बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइलचा दाब गेला की तो थर जातो आणि धातू धातूला घासतो. दिवा लागायच्या आत किंवा लागताक्षणी इंजिन बंद केलं असेल तर नव्या चेंबरवर भागेल. तशीच घरापर्यंत रेटली असेल आणि आतून खटखट ऐकू आली असेल, तर चेंबरवर पैसे घालू नका, आधी मेकॅनिकला इंजिन दाखवा. यापुढे ती ढकलून किंवा टो करूनच हलवा.

गाडीखाली वाकून चेंबरच्या आड काय येतं तेही बघा. सायलेन्सरचा पाइप असेल तर तो सोडवता येतो. पण इंजिन उचलल्याशिवाय चेंबर निघत नसेल, तर ते काम घरचं नाही.

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. दोन मजबूत घोड्या (जॅक स्टँड) लावा, मागच्या चाकांना विटा लावा, आणि हे सगळं फरशीवर किंवा काँक्रीटवर. आपल्याकडच्या काळ्या मातीत जॅक कधी रुतेल सांगता येत नाही.

राहिलेलं ऑइल काढा, मग बोल्ट. बहुतेक गाड्यांना दहा नंबरची गोटी (सॉकेट) लागते. बोल्ट निघाले तरी गळती रोखायला लावलेल्या जुन्या सिलिकॉनमुळे चेंबर चिकटून बसतं. तिथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, इंजिनच्या ब्लॉकच्या कडेला खाच पडली की ती जन्मभर गळते. पुट्टी लावायची पातळ पट्टी फटीत ठेवून हलक्या हाताने ठोकत पुढे सरका. चेंबर निघालं की वरची ऑइल ओढणारी जाळी तपासा. पत्र्याचं चेंबर आत दबलं असेल तर तिला धक्का बसलेला असू शकतो.

माझा सगळ्यात जास्त वेळ कड साफ करण्यात गेला, आणि तो जायलाच हवा. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, पॉलिश पेपर नको. त्याची कच इंजिनात जाते. शेवटी ब्रेक क्लीनरने पुसा, बोट फिरवून बघा, तेलकट लागलं तर पुन्हा पुसा. मग सुमारे तीन मिलिमीटर जाडीची सिलिकॉनची अखंड रेघ ओढा, बोल्टच्या भोकांना आतल्या बाजूने वळसा घालून. (तुमच्या गाडीला सिलिकॉनऐवजी पॅकिंग (गॅस्केट) येत असेल तर तेच वापरा.) बोल्ट आधी सगळे हाताने बसवा, मग मधून बाहेर, समोरासमोर थोडे थोडे आवळा. हे बोल्ट लहान असतात, मॅन्युअलमधल्या आकड्याच्या पुढे जाऊ नका. जोर लावला की कड वाकते किंवा आटे जातात.

आता थांबा. उन्हाळ्यात आपल्याला वाटतं एवढ्या उन्हात सिलिकॉन तासाभरात वाळेल. पण ते उष्णतेने नाही, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, आणि एप्रिल-मे महिन्यात सोलापूरची हवा कोरडी असते. ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. मी चोवीस तास दिले.

नंतर ड्रेन बोल्टला नवा वायसर, नवा फिल्टर, मॅन्युअलमध्ये दिलेलं ऑइल. गाडी चालू केल्यावर दिवा काही सेकंदांत विझलाच पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद करा. विझला तर थोडा वेळ चालवून बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) बघून कमी असेल तेवढं ऑइल घाला. जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. माझ्या पुठ्ठ्यावर पहिल्या सकाळी एक थेंब होता आणि पोटात गोळा आला. तो फिल्टर बसवताना सांडलेल्या ऑइलचा निघाला. पुसून पुन्हा पुठ्ठा टाकला, दुसऱ्या सकाळी कोरडा होता.