मुद्राभिनय : हाताचा की चेहऱ्याचा?

पंचवटीतल्या एका ताईंची शंका आहे. मुलीचा कथकचा कार्यक्रम कालिदास कलामंदिरात आहे. त्याच्या माहितीपत्रिकेत त्यांनी 'गतभावातला सुंदर मुद्राभिनय' असं लिहिलं. (गतभाव म्हणजे कथकमध्ये एकाच कलाकाराने अभिनयातून कथा उभी करणं.) घरात एकाने त्याचा अर्थ हाताच्या मुद्रा असा लावला, दुसऱ्याने बोलका चेहरा असा. बरोबर कोणाचं?

ताई, मराठीच्या रुळलेल्या वापराप्रमाणे दुसऱ्याचं. नाटकाच्या परीक्षणांतून हा शब्द आपल्या कानावर पडत आला, तो चेहऱ्यावरच्या अभिनयासाठीच. 'प्रसन्न मुद्रा', 'मुद्रा गंभीर झाली' असं आपण एरवीही बोलतोच. मूळ अर्थ शिक्का, ठसा. शिवरायांची राजमुद्रा त्यातली, नाशिकरोडचं चलार्थ पत्र मुद्रणालयही त्यातलंच. मनातलं चेहऱ्यावर उमटतं ती मुखमुद्रा, हे मला फार नेमकं वाटतं.

पण पहिल्यालाही चूक म्हणवत नाही. नाचाविषयी बोलताना 'मुद्रा' म्हटलं की आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हातच येतो. गंमत म्हणजे नाट्यशास्त्र हाताला मुद्रा म्हणत नाही, 'हस्त' म्हणतं : एका हाताचे 24 असंयुत, दोन्ही हातांचे 13 संयुत. चेहऱ्याच्या अभिनयाला तिथे 'मुखज' असं नाव आहे आणि एकट्या नजरेचे 36 प्रकार सांगितले आहेत. हाताची 'मुद्रा' ही पूजा-उपासनेच्या आणि योगाच्या परिभाषेत जास्त मुरलेली. कथकच्या वर्गात 'हस्तक' म्हणतात. पण तो शब्द पत्रिकेत जपून वापरा, बातम्यांमुळे लोकांना 'हस्तक' म्हटलं की गुन्हेगाराचा साथीदारच आठवतो.

आता मुळात हात आणि चेहरा असे वेगळे काढता येतात का, तेही पाहू. तुमच्या पंचवटीचीच गोष्ट घ्या, सुवर्णमृगाची. गतभावात शब्द नसतात. लेहरा, म्हणजे फिरून फिरून येणारी एकच धून, चालू असतो, तबल्यावर ठेका, आणि राम, सीता, मृग सगळं एकटी नर्तकी. मधली तीन बोटं पुढे झुकवून अंगठा आणि करंगळी ताठ केली की मृगशीर्ष हस्त झाला. तो हात हलकेच उसळत डावीकडून उजवीकडे जातो. नजर त्याच्यामागे गेली, मान क्षणभर थबकली, तर हरीण दिसतं. नजर प्रेक्षकांकडेच राहिली तर दिसतो तो नुसता वाकवलेला हात. मग एक पलटा, म्हणजे पात्र बदलायची गिरकी, आणि तीच मुलगी सीता. आता हात जवळजवळ स्वस्थ. भुवया किंचित वर, डोळ्यांत हट्ट. पुन्हा पलटा, राम. सीतेचा हट्ट त्याच्या कानावर पडलाय, हे बाण उचलण्याआधी चेहऱ्यावर यावं लागतं. अभिनयदर्पण या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात म्हटलंय ते हेच : 'यतो हस्तस्ततो दृष्टिः, यतो दृष्टिस्ततो मनः'. जिकडे हात तिकडे दृष्टी, जिकडे दृष्टी तिकडे मन; पुढे मनामागून भाव आणि भावामागून रस. एकच पताक हस्त, म्हणजे बोटं जुळवून सरळ धरलेला तळवा, ढग होतो, वन होतो, रात्र होतो, नदी होतो. त्यातलं नेमकं काय, ते प्रसंग आणि डोळे ठरवतात.

म्हणून कथकवाले या सगळ्याला मिळून 'भाव' म्हणतात आणि हिंदीत 'भाव बताना' असं क्रियापद लावतात. लखनौ घराण्याचे शंभू महाराज बैठकीत बसून ठुमरीवर भाव करण्यासाठी नावाजलेले होते. बसल्या जागी, म्हणजे पायांचं काम बाजूला ठेवून. आपल्या तमाशातली 'बतावणी' याच 'बताना'च्या गोतातली.

'हावभाव' मात्र पत्रिकेत नको. शास्त्रात भाव, हाव, हेला ही नायिकेच्या शृंगाराची चढती पायरी आहे. आजच्या बोलण्यात तो शब्द कोणत्याही हातवाऱ्यांना लागतो. सीतेच्या प्रसंगाला दोन्ही अर्थ बसत नाहीत.

मी असतो तर लिहिलं असतं : 'सुवर्णमृगाच्या गतभावातला तिचा अभिनय'. आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (मनातल्या भावाचा) असे चारही प्रकार 'अभिनय' शब्दाच्या पोटात येतात, त्यामुळे हात की चेहरा हा प्रश्नच उरत नाही. डोळ्यांचं खास कौतुक करायचं असेल, तर सरळ 'डोळ्यांनी केलेला भाव' लिहा.