वाचकांचे प्रश्न : खाण बेटावर, दाद परदेशात

प्रश्न : पापुआ न्यू गिनीतल्या बूगनव्हिल बेटावरच्या लोकांनी पांगुना खाणीविरुद्धची तक्रार ऑस्ट्रेलियात का नेली? कोर्टाबाहेर अशी तक्रार करतात तरी कशी?

उत्तर : तांब्या-सोन्याची ही खाण १९७२ ते १९८९ चालली. शंभर कोटी टनांहून अधिक कचरा जाबा आणि कावेराँग नद्यांत गेला. मुख्य मालक असलेल्या रिओ टिंटो या ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन कंपनीने २०१६ मध्ये आपले समभाग पापुआ न्यू गिनी आणि बूगनव्हिल अशा दोन सरकारांना देऊन टाकले. फायदा घेऊन घाण मागे ठेवण्याचा हा प्रकार आम्हाला अन्यायाचाच वाटतो. बेटावर जाब विचारावा असे कुणी उरले नाही, म्हणून कंपनीच्या घरी जावे लागले.

ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी आचारसंहिता आहे. ती मानणाऱ्या प्रत्येक देशात तक्रारी घेणारे राष्ट्रीय संपर्क केंद्र असते. पापुआ न्यू गिनी त्यात नाही, ऑस्ट्रेलिया आहे. सप्टेंबर २०२० मध्ये १५६ रहिवाशांनी मेलबर्नच्या एका मानवाधिकार विधी संस्थेमार्फत तिथे तक्रार केली. जुलै २०२१ मध्ये कंपनीने स्वतंत्र पाहणीचा खर्च उचलायचे मान्य केले. पहिल्या टप्प्याचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला.

या केंद्राकडे वकील सक्तीचा नाही. परदेशात राहून लढणाऱ्याला पहिला प्रश्न येतो तो ‘तुम्हाला कुणी पाठवले?’ हा. त्यामुळे गावोगावची सही केलेली अधिकारपत्रे आधी गोळा करावीत. बूगनव्हिलमध्ये बहुतेक कुळांत जमीन आईकडून मुलीकडे जाते. तिथे फक्त पुरुषांच्या सह्या आणल्या तर अर्ज लंगडा पडतो.

पाण्याचे नमुने नदीच्या प्रवाहात खाणीच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही अंगांनी घ्यावेत. फक्त खालचे घेतले, तर ‘इथल्या खडकातच तांबे आहे’ हे उत्तर ठरलेले. धातू तपासायचे असतील तर नमुना स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत घेऊन नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणावा. नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि आकडा कमी येतो. बाटली कुणाकडून कुणाकडे गेली याची सहीनिशी नोंद हवी. फोटोवर तारीख आणि अक्षांश-रेखांश हवेत.

मागणी मोजता येईल अशी लिहावी. ‘न्याय द्या’ एवढ्यावर काही हलत नाही. ‘जुन्या बंधाऱ्यांची स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी करा, खर्च कंपनीचा’ यावर बोलणी होऊ शकतात. मध्यस्थी ऐच्छिक असते, निष्कर्ष बंधनकारक नसतो. मध्यस्थीतले बोलणे बाहेर फोडले तर बोलणी तिथेच मोडू शकतात.

प्रश्न : मग अमेरिकेतल्या कोर्टात काय झाले?

उत्तर : अलेक्सिस सारेई आणि इतर बेटवासीयांनी २००० मध्ये कॅलिफोर्नियात, परदेशी नागरिकांना अमेरिकी कोर्टात दाद मागू देणाऱ्या ‘एलियन टॉर्ट स्टॅच्यूट’ या कायद्याखाली रिओ टिंटोवर दावा लावला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात परदेशी घटनांबाबत त्या कायद्याची कक्षा आवळली, आणि त्याच वर्षी हा दावाही संपला.

प्रश्न : रिओ टिंटोच्या लंडनमधल्या भागधारकांच्या वार्षिक सभेत बेटवासी बोलू शकतो का?

उत्तर : हो. एक शेअर असलेला कुणीही त्याला प्रतिनिधी नेमू शकतो आणि ब्रिटिश कायद्याने प्रतिनिधीला बोलण्याचा हक्क आहे. नेमणुकीचा अर्ज सहसा सभेच्या ४८ तास आधी पोहोचावा लागतो. त्या ४८ तासांत सुट्टीचे दिवस धरत नाहीत. शेअर दलालाच्या खात्यात असेल तर नोंदवहीत तुमचे नाव नसते, नेमणुकीचे पत्र दलालामार्फतच मिळवावे लागते. ते आणि व्हिसा, दोन्हींची तयारी काही आठवडे आधी सुरू करावी. प्रश्न एकच विचारावा आणि उत्तरात तारीख मागावी.