आकडे बरोबर, तरी प्रस्ताव बाजूला

प्रश्न : गेली नऊ वर्षे मी आकडेवारीच्या विश्लेषणाचे काम करते आहे आणि नुकतीच सहा जणांच्या गटाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. माझ्या अहवालातील आकड्यांत सहसा चूक निघत नाही. तरीही तीस-बत्तीस स्लाइडचे सादरीकरण संपल्यावर वरिष्ठ ‘अभ्यास चांगला आहे, पुढे पाहू’ एवढेच म्हणतात आणि प्रस्ताव तिथेच राहतो. आता मी आकर्षक स्लाइड करायला शिकावे, की लोकांना पटवून देणे हा माझा पिंडच नाही असे मानावे?

उत्तर : पिंडाचा प्रश्न मनातून काढून टाका; तुमची अडचण स्वभावातली नसून मांडणीच्या क्रमातली आहे. विश्लेषण करताना आपण माहितीकडून निष्कर्षाकडे जातो आणि नकळत तोच प्रवास श्रोत्यांनाही घडवतो. निर्णय घेणाऱ्या माणसाला मात्र आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे आधी कळावे लागते, म्हणजे पुढचा प्रत्येक आकडा तो त्या निर्णयाशी ताडून पाहू शकतो. म्हणून पहिल्याच स्लाइडवर तुमची शिफारस, तिला लागणारा खर्च व वेळ आणि निर्णय लांबल्यास होणारे नुकसान तीन-चार वाक्यांत लिहा. उरलेल्या स्लाइडपैकी शिफारशीला थेट आधार देणाऱ्या पाच-सहाच ठेवा. बाकीच्या परिशिष्टात जाऊ द्या. मेहनतीने केलेले काम मागे ठेवताना जिवावर येते, हे मला ठाऊक आहे, पण ते वाया जात नाही. प्रश्न आला की तेच उपयोगी पडते.

आकडे बरोबर असणे पुरेसे नसते, याचे मला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण इग्नाझ सेमेलवाइस या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांचे वाटते. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात त्यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि तेथील प्रसूती विभागातील मातांचा मृत्युदर एप्रिलमधील सुमारे १८ टक्क्यांवरून जूनपर्यंत सुमारे २ टक्क्यांवर आला. एवढा स्पष्ट पुरावा हाती असूनही बहुसंख्य समव्यावसायिकांनी तो स्वीकारला नाही, कारण तो मानणे म्हणजे आपल्याच हातांनी मृत्यू पोहोचवला हे कबूल करणे होते. सेमेलवाइस यांनी आपले विवेचन पुस्तकरूपाने १८६१ मध्ये प्रसिद्ध केले आणि नंतर विरोधकांवर जाहीर पत्रांतून जहाल आरोप केले. त्याच काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये, क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी किती अधिक सैनिक मेले, हे रंगीत आकृतीतून एका नजरेत दिसेल असे मांडले आणि सुधारणा घडवू शकणाऱ्या मंत्र्यांपर्यंत व आयोगापर्यंत ते चिकाटीने पोहोचवले.

तुम्हीही बैठकीच्या आधी, ज्यांना हा प्रस्ताव अडचणीचा वाटेल अशा दोघा-तिघांना स्वतंत्रपणे भेटा. त्यांना पटवायला जाऊ नका. ‘यात तुम्हाला कुठे धोका दिसतो?’ एवढेच विचारा आणि त्यांचा आक्षेप त्यांच्याच शब्दांत सादरीकरणात घ्या. ज्याची शंका आधीच नोंदली गेली आहे, त्याला भर बैठकीत विरोध करण्याची गरज कमी भासते. आपल्या निष्कर्षामुळे कुणाची पूर्वीची चूक उघडी पडत असेल, तर त्या वेळी उपलब्ध माहितीनुसार तो निर्णय योग्य होता, असे म्हणण्याची वाट मोकळी ठेवा, अर्थात ते खरे असेल तरच.

आलेखांबद्दल थोडक्यात : क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांच्या १९८४ च्या प्रयोगांत माणसे समान मापपट्टीवरील स्थाने कोनांपेक्षा अचूक ताडतात असे आढळले, म्हणून तुलनेसाठी, कोन ताडावे लागणाऱ्या वर्तुळालेखापेक्षा स्तंभालेख बरा. आलेखाला ‘तिमाही तक्रारी’ असे नाव देण्याऐवजी ‘नव्या पद्धतीनंतर तक्रारी निम्म्यावर आल्या’ असे पूर्ण वाक्य द्या.

प्रश्न : आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी माहिती सादरीकरणात दाखवावी का? त्याने बाजू कमकुवत होते, असे माझे सहकारी म्हणतात.

उत्तर : दाखवलीच पाहिजे, आणि केवळ प्रामाणिकपणासाठी नव्हे. अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या, अपघातात संपलेल्या २८ जानेवारी १९८६ च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीमुळे उड्डाण पुढे ढकलावे असे सांगितले होते, परंतु तापमानाची चर्चा, रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांपुरतीच राहिली आणि त्यांत ठळक संबंध दिसेना. अपघातानंतर चौकशी आयोगाने इजा न झालेली उड्डाणेही जोडली, तेव्हा ६३ अंश फॅरनहाइट किंवा त्याखालील तापमानाच्या चारही उड्डाणांत इजा आढळली, तर ६६ अंश किंवा त्यावरील २० उड्डाणांपैकी केवळ ३ मध्ये. ज्या नोंदी बिनकामाच्या वाटल्या, त्यांतच अभियंत्यांच्या म्हणण्याचा खरा आधार होता. म्हणून आलेख काढण्यापूर्वी गटातील एकाला ‘आपण कोणत्या नोंदी वगळल्या आणि का?’ हे विचारण्याचे काम द्या, आणि त्याचे उत्तर आलेखाखाली एका ओळीत छापा.