पाकोळी कानोसा घेते का?

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यावर मुलांनी लिहिलं, ‘वटवाघूळ कानोसा घेत उडते.’ परीक्षकांनी ‘कानोसा’ खोडून ‘प्रतिध्वनीद्वारे स्थाननिश्चिती’ केलं. मुलांचं चुकलं का?

निम्मं चुकलं; पण परीक्षकांनी खोडलं ते नेमकं बरोबर निम्मं.

कानोसा म्हणजे आपण गप्प राहून दुसऱ्याच्या आवाजाचा माग काढणं. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात रात्री कडी वाजल्यासारखी वाटली की आजी आधी आम्हाला दटावायची, “गप बसा रे, कानोसा घेऊ द्या.” मग उंबऱ्यात उभी राहून मान एकदा जिन्याकडे, एकदा बोळाकडे कलती करायची.

वटवाघूळ (इथे किडे खाणारं छोटं, म्हणजे पाकोळी) गप्प नसतं. ते ओरडतच उडतं. आवाज इतका उंच पट्टीतला की बहुतेक वेळा आपल्याला ऐकूच येत नाही. परत येतो तो त्याचाच आवाज. त्याला आपल्याकडे शब्द आहे, पडसाद. संस्कृत प्रतिशब्द, प्राकृत पडिसद्द, मराठी पडसाद. पडजिभेतला ‘पड’ तोच. आता हा शब्द ‘विधानसभेत पडसाद’ एवढ्यापुरता उरलाय, ही वर्तमानपत्रांची कृपा. पडसाद किती उशिरा आला त्यावरून अंतर कळतं: सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे साधारण १७ सेंटिमीटर.

दिशा मात्र दोन कानांशिवाय नीट लागत नाही. पतंगाचा किडा डावीकडे असेल तर पडसाद डाव्या कानात आधी आणि मोठा पोचतो. डोकं जेमतेम दीड सेंटिमीटर रुंद, त्यामुळे ‘आधी’ म्हणजे सेकंदाचा वीस हजारावा भाग किंवा त्याहून कमीच. ‘मोठा’ जास्त उपयोगी, कारण एवढ्या उंच पट्टीच्या आवाजाला चिमुकलं डोकंही आड येतं आणि पलीकडच्या कानावर आवाजाची सावली पडते. मेंदूच्या बुडाशी काही पेशी अशा असतात, की त्यांना आपल्या बाजूचा कान चेतवतो आणि पलीकडच्या बाजूचा दाबतो. या ओढाताणीत कोण किती वरचढ, त्यावरून दिशा ठरते. डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलम्बोस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी वटवाघळांचा एकच कान बुजवून पाहिला, तरी ती वाटेतल्या तारांवर आदळू लागली. (परीक्षकांच्या शब्दाचं मूळ ‘एकोलोकेशन’ही ग्रिफिन यांचंच, १९४४ सालचं.)

आजी मान कलती करायची तीही दोन कानांतली हीच तुलना. म्हणून ‘कानोसा’ मला मोडीत काढवत नाही. तक्त्यावर असं लिहा: ‘पाकोळी साद घालते आणि पडसादाचा कानोसा घेते.’

पाकोळी मुद्दाम म्हटलं. संध्याकाळी गोदाघाटावर दिव्यांभोवती किडे टिपत गिरक्या घेते ती पाकोळी. पक्ष्यांतही एक पाकोळी आहे, पण ती अंधार पडला की घरट्यात. वडा-पिंपळावर दिवसभर उलटी लटकलेली मोठी वाघळं निराळी. त्यांचा वाघाशी संबंध नाही (संस्कृत वल्गुली, पाली वग्गुली, आपलं वाघूळ), आणि पडसादाशीही नाही. पिकलेलं फळ शोधायला त्यांना डोळे आणि नाक पुरतं.