गावात राहून, क्राफ्टचं दुकान जवळ नसताना, शिक्के आणि स्टेन्सिल वापरून जुन्या धाटणीचं ख्रिसमस कार्ड कसं बनवता येईल?

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओंमध्ये सगळीकडे परदेशी शाया, एम्बॉसिंगची पावडर आणि कागद कापायची यंत्रं दिसतात, आणि तुमच्याजवळ मात्र कार्डशीट, ऑफिसचं स्टॅम्प पॅड आणि मुलांचे पोस्टर कलर एवढंच आहे. एवढ्यात कार्ड नक्की होतं, आणि चांगलं होतं. मी अचलपूर तालुक्यात पाट्या रंगवतो. ट्रॉल्यांवरचे नंबर, दुकानांची नावं, शाळेच्या भिंतीवरचे तक्ते. साचा ठेवून रंग मारणं हे माझं रोजचं काम आहे. दर डिसेंबरला ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबांना आणि दवाखान्यातल्या सिस्टरांना हाताने बनवलेली कार्डं देतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कागदावर चहा ओतला आणि कडा जाळल्या की कार्ड जुनं दिसतं, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. जुनी कार्डं कशी बनायची ते पाहिलं तर काय करायचं ते आपोआप कळतं. विक्रीसाठी छापलेलं पहिलं ख्रिसमस कार्ड म्हणून जे ओळखलं जातं, ते लंडनला १८४३ साली हेन्री कोल यांनी जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून काढून घेतलं. त्याच्या हजारेक प्रती निघाल्या. रेघा दगडावरून छापलेल्या आणि रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरलेला. किंमत एक शिलिंग. त्याच्याही कितीतरी आधीपासून युरोपात खेळायचे पत्ते आणि स्वस्त चित्रं अशीच बनत: ठशाने रेघ उमटवायची आणि साच्यातून रंग लावायचा. शेकडो प्रती भराभर रंगवताना साचा जरासा सरकायचा, त्यामुळे रंग रेघेच्या थोडा आत किंवा बाहेर पडायचा. जुन्या छपाईची ओळख हीच: मोजके रंग, सपाट रंग, आणि रेघेशी तंतोतंत न जुळलेला रंग. शिक्का आणि स्टेन्सिल मिळून तुम्ही नेमकं तेच करणार आहात.

फक्त क्रम उलटा ठेवा. त्यांची छपाईची शाई तेलाची होती, वाळल्यावर वरून पाण्याचा रंग लावला तरी ती हलत नसे. आपल्या स्टॅम्प पॅडची शाई बहुतेक पाण्यात विरघळणारी असते. तिच्यावर ओला रंग लागला की रेघ पसरते. म्हणून आधी स्टेन्सिलने रंग, तो पूर्ण वाळू द्यायचा, आणि शेवटी शिक्का.

चित्र कसलं काढायचं? पाइनचं झाड आणि बर्फ काढायलाच हवा असं नाही. व्हिक्टोरियन काळातल्या कितीतरी कार्डांवर नुसती फुलं, पक्षी आणि मुलं आहेत. माझं आवडतं चित्र म्हणजे कापसाच्या उकललेल्या बोंडांची फांदी आणि वर एक तारा. नाताळच्या दिवसांत आपल्याकडे वेचणी चालू असते, वावरात पऱ्हाटी पांढरी झालेली असते. आपल्या भागातल्या माणसाने पाठवलेल्या कार्डावर ते शोभतं, आणि दुरून पाहणाऱ्याला ती हिवाळ्याची फांदीच वाटते. स्टेन्सिलच्या दृष्टीनेही बोंड फार सोयीचं. साचा कापताना मोठी अडचण असते ती मधल्या तुकड्यांची. गोल कापला आणि आत काही ठेवायचं असेल तर ते गळून पडतं, म्हणून मध्ये बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. उकललेल्या बोंडात कापसाच्या चार-पाच फोडी मुळातच वेगळ्या असतात. फोडींमधली फट म्हणजे तुमची पट्टी. वेगळं काही करावं लागत नाही.

साच्यासाठी विकतचं प्लास्टिक शोधू नका. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन लॅमिनेशनचं रिकामं पाऊच, आत काहीही न ठेवता, मशीनमधून काढून मागा. कडक, पारदर्शक, धुता येणारा पत्रा मिळतो. जुन्या एक्स-रेची फिल्मही चालते, पण ती गडद असते, खालचं चित्र दिसत नाही. कागदावर चित्र काढा, त्यावर हा पत्रा चिकटपट्टीने बसवा, खाली काच किंवा प्लायचा तुकडा घ्या आणि नव्या पात्याच्या कटरने कापा. वळणावर हात फिरवू नका, पत्रा फिरवा. आधी लहान भोकं, मग मोठी, कारण मोठी आधी कापली तर पत्रा लुळा पडतो. पट्टी दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, धुताना तुटते. चुकून तुटलीच तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून पुन्हा कापता येते.

जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठींवर नंबर मारताना पाहिलं असेल, तर स्टेन्सिलचं मर्म तुम्हाला ठाऊक आहे: रंग कमी आणि हात सरळ. साच्याखाली रंग शिरतो तो ओला असल्यामुळे. भांडी घासायच्या नव्या स्पंजचा मऊ भाग चौकोनी कापा, पोस्टर कलरमध्ये पाणी घालूच नका, स्पंजला रंग लावून आधी रद्दीवर इतका टिपा की जवळजवळ कोरडा वाटेल. मग साच्यावर वरून खाली थोपटा. घासू नका. सुरुवात प्लास्टिकवर करा आणि तिथून भोकाकडे या. त्यामुळे कडेला रंग दाट आणि मध्ये विरळ राहतो, आणि बोंडाला गोलाई येते. एका दाट थरापेक्षा तीन पातळ थर घ्या. साचा उचलताना एका बाजूने सरळ वर उचला.

पांढरा कापूस पांढऱ्या कार्डावर दिसणार कसा? यासाठी वह्यांना घालतो तो खाकी कागद. त्याचा चकचकीत नसलेला भाग वर घ्या. खाकीवर पांढरा पोस्टर कलर थोपटला की कापूस उठून येतो, आणि कागदाचा तपकिरी रंग हाच जुनेपणा देतो. चहाची गरजच उरत नाही. कापूस थोडा उंच हवा असेल तर फेविकॉलमध्ये खडूची बारीक पूड दहीसारखी घट्ट होईपर्यंत मिसळा, साच्यावरून जुन्या एटीएम कार्डाने एकदाच ओढा, साचा लगेच उचला आणि लगेच धुवा. वाळायला रात्रभर लागते. मी हे सगळ्या बोंडांवर करत नाही, एखाद्याच. सगळी उंच केली तर छपाईचा भाव निघून जातो.

रंगांबद्दल माझा आग्रह आहे. कार्डावर तीनच ठेवा: पांढरा, मातकट लाल आणि गडद हिरवा किंवा तपकिरी. डबीतला लाल तसाच वापरला तर कार्ड कालचं वाटतं. त्यात किंचित हिरवा घाला, लगेच निवतो. त्याहून सुंदर लाल तुमच्या घरातच असेल. गेरू फडक्यातून गाळून घ्या, बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी ते दाटसर पाणी गेरूत कालवा. डिंक कमी पडला तर वाळल्यावर बोटाला रंग लागतो, जास्त झाला तर तडकतो, म्हणून आधी तुकड्यावर लावून पाहा. त्या लालाची बरोबरी मी विकतच्या रंगात पाहिली नाही.

आता शिक्के. तारा भेंडीने येतो. जून भेंडी देठाकडून आडवी कापा, कापलेली बाजू फडक्यावर दहा मिनिटं पालथी ठेवा म्हणजे चिकट पाणी निघून जाईल, आणि गेरूच्या रंगात टेकवून छापा. पाच धारांची भेंडी निवडा. बटाट्याचा शिक्का मी सुचवणार नाही, पाणी सुटत राहतं आणि कडा फुगतात.

फांदीची रेघ, बोंडाची सुकलेली टरफलं आणि कोपऱ्याची वेलबुट्टी यासाठी खोडरबर कोरा. मोठं, मऊ, पांढरं खोडरबर घ्या. ट्रेसिंग पेपरवर चित्र सरळ काढा, गडद पेन्सिलने, मग तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासा. चित्र उलटं उमटेल, आणि छापल्यावर पुन्हा सरळ होईल. अक्षरांनाही हाच नियम, डोक्यात उलटं करत बसू नका. कोरताना पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला तिरपं धरा, म्हणजे रेघेचा पाया रुंद राहतो. उभं कापलं की बारीक रेघ दोन-चार छापांत वाकते. टरफलांच्या शिक्क्यासाठी तपकिरी पॅड हवं. ते सहसा मिळत नाही. जुन्या डबीच्या झाकणात बनातीचा किंवा जाड सुती कापडाचा तुकडा ठेवा, तपकिरी पोस्टर कलर चोपडा, दोन थेंब ग्लिसरीन घाला म्हणजे लवकर वाळणार नाही. शिक्का मोठा असेल तर शिक्का पॅडवर दाबण्याऐवजी पॅडच शिक्क्यावर थोपटा, शाई सारखी लागते. छापताना कार्डाखाली वर्तमानपत्राच्या चार घड्या ठेवा, तळहाताने सरळ दाबा, डोलवू नका. कुठे थोडी शाई कमी उमटली तर ती पुन्हा भरायला जाऊ नका.

मजकुराचं म्हणाल तर ‘नाताळच्या शुभेच्छा’ खोडरबरावर कोरणं जिकिरीचं आहे. ‘च्छा’ हमखास तुटतो. तहसील किंवा कोर्टाजवळ रबरी शिक्के करून देणारे असतात. तुमच्या हाताने काळ्या पेनने, थोड्या जाड रेघेत, कोऱ्या कागदावर लिहून न्या आणि तसाच शिक्का करायला सांगा. त्यांच्या संगणकातला फॉन्ट घेऊ नका, त्याने कार्ड ऑफिसच्या पत्रासारखं दिसतं. मजकूर स्टेन्सिलने करायचा असेल तर शिरोरेषा सलग कापू नका. प्रत्येक अक्षराची वेगळी कापा, मध्ये बारीक फट सोडा. सलग कापली तर वरची सगळी पट्टी लोंबते आणि रंग आत जातो. ‘त’, ‘ल’ सोपे जातात. ‘च’, ‘भ’ आणि ‘छ’च्या पोटाला पट्टी सोडायला विसरू नका.

जोडणी सोपी आहे. ३०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारी), पिवळसर पांढरी कार्डशीट ए-फाइव्ह मापात घ्या, म्हणजे २१ बाय १४.८ सेंटिमीटर, दुमडल्यावर निम्मी होते. कागदाला तंतूंची दिशा असते. दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून पाहा, ज्या बाजूने सहज वाकतो त्याच बाजूला घडी घाला, नाहीतर घडीवर कागद फुटतो. पट्टी ठेवून रिकाम्या रिफिलने एक रेघ दाबून घ्या आणि मग दुमडा. खाकी तुकडा कार्डापेक्षा चहूबाजूंनी पाऊण सेंटिमीटर लहान कापा. त्याच्या कडेने तपकिरी पेनने दोन रेघा, एक जाड, एक बारीक. फेविकॉल पातळ लावा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा, नाहीतर कार्ड पन्हाळीसारखं वळतं. आत शाईच्या पेनने लिहिणार असाल तर एकदा कोपऱ्यात फुटतंय का पाहा.

सुतळीचा बो, मणी, लेस, टिकल्या यांतलं काहीच लावू नका असं मी म्हणेन. लावायचंच असेल तर घडीवरून सुतळीचा एक पदर. एक कारण रूपाचं आहे, दुसरं पोस्टाचं. साधं पत्र २० ग्रॅमच्या टप्प्याने मोजतात. या मापाची ३०० जीएसएमची शीट सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास भरते. खाकी तुकडा, पाकीट आणि रंग धरून तुम्ही टप्प्यात बसता, मणी लावले की बाहेर जाता, शिवाय फुगीर पाकिटावर पोस्टाचा शिक्का नीट बसत नाही आणि आतलं कार्ड चेपतं. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर एक पाकीट तोलून पाहा, म्हणजे बाकीच्यांची काळजी नको. खेड्यातून खेड्यात जाणारं पत्र निवांत चालतं, तेव्हा १२-१५ डिसेंबरपर्यंत पेटीत पडलेलं बरं. म्हणजे साचे कापायला नोव्हेंबरचाच एखादा रविवार धरा.