टँग माशाच्या अंगावरचे पांढरे ठिपके दोन दिवसांत गेले आणि आठवड्याने परत आले. औषध टँकमध्येच टाकू का?

नाही. टँकमध्ये काहीही ओतू नका. दुकानदाराने सांगितलेली ती निळ्या औषधाची बाटली तर मुळीच नको.

तुम्ही लिहिलंय ते असं: नेरूळला साधारण अडीचशे लिटरचा टँक, त्यात जुनी क्लाऊन माशांची जोडी, थोडे सॉफ्ट कोरल, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी). नवा पावडर ब्लू टँग आणला, काही दिवसांत त्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आले, दोन दिवसांत आपोआप गेले आणि आठवड्याभराने दुप्पट होऊन परतले. मासा अजून खातोय. दुकानदार म्हणतो, तापमान ३२ वर न्या आणि बाटली ओता.

ठिपके जाऊन परत आले, या एका गोष्टीवरून निम्मं निदान होतं. हा बहुतेक क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स, म्हणजे खाऱ्या पाण्यातला व्हाइट स्पॉट. हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरून तीन ते सात दिवस खातो, फुगतो. तोच तुम्हाला दिसणारा ठिपका. पोट भरलं की तो मासा सोडतो, बहुधा रात्री किंवा पहाटे. मग वाळूवर नाहीतर दगडावर चिकटून स्वतःभोवती गाठ तयार करतो आणि आत त्याचे शेकडो तुकडे पडतात. गाठ फुटली की ती पिल्लं पोहत मासा शोधायला निघतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. पण अडीचशे लिटरच्या बंद पेटीत तीन मासे न सापडायला काय झालं? म्हणून दुसरी फेरी नेहमी पहिलीपेक्षा जोरात येते. मधल्या दिवसांत मासा अगदी ठणठणीत दिसतो, आणि नेमकं तेव्हाच लोक ‘लसूण चारला, गुण आला’ म्हणून सांगत सुटतात.

तापमान वाढवायचा सल्ला गोल्डफिशच्या दुनियेतून आलाय. गोड्या पाण्यातला इक, म्हणजे तिथला पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, हा वेगळा जीव आहे. खाऱ्या पाण्यातल्या या भावकीला आपली उन्हाळ्यातली २९-३० डिग्री चांगलीच मानवते. ३२ वर नेलंत तर पाण्यातला प्राणवायू कमी होईल, आणि कल्ले आधीच सोललेल्या माशाला नेमका तोच हवा असतो.

तरी हातात औषध घेण्याआधी इतर संशयितांना वगळा. ठिपके मोजत बसू नका, श्वास मोजा. कल्ल्याची झाकणं मिनिटाला किती वेळा हलतात ते घड्याळ लावून बघा. (मासा निरोगी असताना हा आकडा लिहून ठेवावा, म्हणजे पुढे तुलना करता येते. क्लाऊनचा आजच लिहून ठेवा.) श्वास फार जलद असेल, मासा खाणं सोडून पंपाच्या झोतात तोंड घालून उभा राहत असेल, उजेड टाळत असेल, तर तो वेल्व्हेट समजा. ॲमिलूडिनियम नावाचा हा जीव आधी कल्ल्यांवर बसतो. अंगावर दिसलाच तर मिठासारखा दिसत नाही, पिठीसारखी बारीक धूळ दिसते, तीही खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारला तर. पुष्कळदा धूळ दिसायच्या आत मासा गेलेला असतो. तुमचा टँग दुसऱ्या फेरीपर्यंत तगला आणि खातोय, म्हणून मी वेल्व्हेटकडे झुकत नाही. पण आज रात्री टॉर्च मारून बघाच.

क्लाऊनवर पांढरट चिकट शेवाळी साल सुटल्यासारखी दिसली तर ती ब्रुकलिनेला, आणखी एक परजीवी. तिला कॉपर (तांब्याचं औषध) आणि कमी खारटपणा दोन्ही बाधत नाहीत, फॉर्मलिन लागतं. ३७ टक्क्यांचं फॉर्मलिन चार लिटर खाऱ्या पाण्याला १ मिलि, वेगळ्या बादलीत, हवेचा दगड जोरात चालू ठेवून पाऊण तास, समोर बसून. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरू नका, तो माशाला विषारी असतो.

डोळे धुरकट, अंग घासणं, मधूनच डोकं झटकणं, पण ठिपके नाहीत, असं असेल तर फ्लूक, म्हणजे चपटे कृमी. यांची परीक्षा सोपी आहे. गोड्या पाण्याची आंघोळ घाला: क्लोरीन काढलेलं पाणी, तापमान टँकइतकं, हवा चालू, आणि चिमूटभर खायचा सोडा घालून पीएच ८.२ च्या आसपास. आरओचं पाणी तसंच वापरू नका, त्याचा पीएच फार खाली असतो. पाच मिनिटांत फ्लूक पांढरे पडून तळाशी गळतात, काळ्या बादलीत स्पष्ट दिसतात. टँग अशा वेळी आडवा पडून नाटक करतो, घाबरू नका. निघाले तर प्राझिक्वान्टेल हे कृमींचं औषध, लिटरला २.५ मिलिग्रॅम, आणि आठवड्याने पुन्हा एकदा, कारण अंड्यांवर ते चालत नाही. व्हाइट स्पॉट मात्र या आंघोळीने जात नाही, तो कातडीच्या आत असतो.

शाळेतल्यासारखा साधा मायक्रोस्कोप मिळाला तर वाद उरत नाही. काचपट्टीच्या कडेने कातडीवरचा चिकटा हलकेच खरवडून घ्या, टँकच्याच पाण्याचा थेंब, १०० पट पुरे. क्रिप्टो मोठा, गडद, गोल, हळूहळू स्वतःभोवती फिरणारा. वेल्व्हेट जागच्या जागी, तपकिरी, पेरूसारखा. ब्रुकलिनेला घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा, सरपटत पोहणारा. मोबाईल आयपीसला लावून फोटोही निघतो.

आता इलाज. तो माशांवर करायचा, टँकवर नाही. तिन्ही मासे बाहेर काढा, क्लाऊनवर ठिपका नसला तरी. ते आजार सोसून धरतात आणि पुढच्या माशाला देतात. कोरल आणि श्रिम्प आतच राहू द्या. कॉपर टँकमध्ये टाकलंत तर श्रिम्प आणि कोरल मरतील, उरलेलं तांबं दगड शोषून घेतील, आणि पाण्यात औषधाची मात्रा कधी स्थिर राहणार नाही.

मासे काढलेला टँक ७६ दिवस तसाच चालू ठेवायचा. हा आकडा जड वाटतो, पण काही गाठी ७२ दिवसांपर्यंत उशिरा फुटल्याचं आढळलंय, त्यावरून हौशी लोकांत तो रूढ झाला. हे उवांसारखं आहे, उवा मेल्या तरी लिखा असतातच. कॉपरही फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, गाठींना नाही, माशात शिरलेल्यांनाही नाही.

बाहेर काढलेल्या माशांसाठी तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. माझी पसंती टब बदलण्याला, कारण यात विष नाही. प्लास्टिकचे दोन मोठे टब, प्रत्येकात हीटर, एअरस्टोन, लपायला प्लंबरच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो. वाळू, दगड काही नको. पहिल्या दिवशी एका टबात, चौथ्या दिवशी नव्या मीठपाण्याच्या दुसऱ्यात, मग सातव्या, दहाव्या दिवशी, आणि तेराव्या दिवशी शेवटच्या स्वच्छ, वेगळ्या टँकमध्ये (मूळ टँकचे ७६ दिवस अजून व्हायचेत). ७२ तासांपेक्षा एक तासही जास्त नको. गळालेल्या गाठी फुटायच्या आत मासा तिथून निघून गेलेला असतो, एवढंच यातलं तत्त्व. सोबत जुनं पाणी जाऊ देऊ नका, रिकामा टब आणि त्यातलं सामान धुऊन खडखडीत वाळवा. मीठ भरपूर लागतं, हे खरं. म्हणून कुणी वाशीच्या पुलाखालचं पाणी आणायला सुचवेल. खाडीचं पाणी फ्लेमिंगोंना चालतं, टँगला नाही, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा पार उतरतो.

वेल्व्हेटची जराही शंका असली तर मात्र टब बदलण्यावर विसंबू नका, दुसरी वाट म्हणजे कॉपरच घ्या, ते क्रिप्टो आणि वेल्व्हेट दोघांवर चालतं. चिलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेलं) कॉपर असेल तर २.२५ ते २.५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), पूर्ण ३० दिवस. क्युप्रामीन हे कॉपरचं दुसरं औषध वेगळं, त्याचं ०.५. एकाचा आकडा दुसऱ्याला लावलात तर एकतर मासा जातो नाहीतर परजीवी राहतो. शेतीच्या दुकानातलं मोरचूद आणून अंदाजाने टाकणारेही मी पाहिलेत. तो अंदाज मासाच सांगतो, उलटा पडून. डिजिटल कॉपर चेकरशिवाय हा इलाज सुरूच करू नका, आणि रोज मोजा. टँग नाजूक, म्हणून मात्रा दोन-तीन दिवसांत चढवा. पण वेल्व्हेट पक्का असेल तर तेवढी सवड नसते. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, यूव्ही दिवा बंद. अमोनिया चढला तर पाणी बदला, नव्या पाण्यात आधी तेवढंच कॉपर मिसळून. अमोनिया बांधणारी औषधं कॉपरसोबत घालू नका, त्याने काही कॉपर जास्त विषारी होतं.

मेडिकलमधल्या मलेरियाच्या गोळ्या कुटून टाकायचंही कुणीतरी सांगेल. क्लोरोक्विन या जिवांवर खरंच चालतं, पण शुद्ध पावडर. गोळीतला बाकीचा माल पाणी खराब करतो.

लाईट जाण्याची तयारी आधी करा. बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा, छोट्या टबात प्राणवायू फार लवकर संपतो.

आज रात्री टॉर्च मारा, तिन्ही माशांचे श्वास मोजा, आणि आकडे व खारटपणाचं रीडिंग इथेच खाली कमेंटमध्ये टाका. टँगचा बाजूने काढलेला, दिवे बंद असतानाचा व्हिडिओ जमला तर तोही.