लाखाचा इंडक्शन हॉब घ्यावा का?

वाचकांचे प्रश्न : स्वयंपाकघर

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही नागपूरला स्वतंत्र घरात राहतो. घरात सहा माणसे आहेत. स्वयंपाकघराचे संपूर्ण नूतनीकरण काढले असून जुना ओटा तोडून नवा ग्रॅनाइट बसवायचा आहे. त्यातच गॅस कायमचा काढून टाकावा आणि ओट्यात बसणारा चार झोनचा (एका वेळी चार भांडी ठेवता येतील असा) इंडक्शन हॉब घ्यावा, असे मुलगा आणि सूनबाई यांचे म्हणणे आहे. दुकानदाराने १ लाख १५ हजार रुपये किंमत सांगितली. छतावर ३ किलोवॉटची सौर यंत्रणा असल्यामुळे स्वयंपाक जवळजवळ फुकटात होईल, असा मुलाचा हिशेब आहे. माझे मन मात्र तयार होत नाही. आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी किंवा फुलके लागतात, सासऱ्यांना पेसमेकर बसवलेला आहे आणि सासूबाई अलीकडे गॅस बंद करायला विसरतात. एवढी रक्कम घालावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपले पत्र वाचून माझे मत असे झाले की, आपण इंडक्शन जरूर घ्यावे, पण चार झोनचा हॉब घेऊ नये आणि गॅस काढून टाकू नये. चांगल्या प्रतीचा दोन झोनचा हॉब आणि त्याच्या शेजारी दोन बर्नरची गॅसची शेगडी, अशी मांडणी आपल्या घराला अधिक सोयीची होईल. असे का म्हणते, ते सविस्तर सांगते.

इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून दर सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की वर ठेवलेल्या भांड्याच्या लोहयुक्त तळातच प्रवाह निर्माण होतात आणि तळ स्वतः तापतो. हे तत्त्व तीन हजारांच्या सुट्या इंडक्शनमध्ये आणि लाखाच्या हॉबमध्ये सारखेच आहे. पाणी उकळणे, कूकर लावणे, चहा करणे एवढ्यासाठी महाग यंत्र घेतले, तर त्या जादा पैशांतून हाती फारसे काही लागत नाही. फरक पडतो तो मंद आचेवर. स्वस्त यंत्राला आच खऱ्या अर्थाने कमी करता येत नाही. आपण ३०० वॅटचे बटण दाबले, तरी ते काही सेकंद हजारबाराशे वॅट देते, मग काही सेकंद पूर्ण बंद राहते आणि सरासरी ३०० दाखवते. भाताला याने काही बिघडत नाही. परंतु पुरण आटवताना, बासुंदीसाठी दूध आटवताना किंवा एकतारी पाक धरताना तळाला हे झटके बसतात, पुरण तळाला धरते आणि पाक बघता बघता पुढे निघून जातो. चांगल्या हॉबमध्ये कमी आचही अखंड मिळते किंवा चालू-बंद होण्याचा खेळ इतका झटपट चालतो की पदार्थाला तो जाणवत नाही. जास्त किंमत मोजायचीच असेल, तर ती या गुणासाठी मोजावी. दुकानात बहुतेक वेळा सर्वात मोठ्या वॅटचा आकडा पुढे केला जातो. त्याने निर्णय करू नये.

हा गुण दुकानातच तपासता येतो. घरचे एक रुंद, सपाट तळाचे पातेले बरोबर न्या, तळ जेमतेम झाकेल एवढे पाणी घाला, उकळी आल्यावर आच सर्वात खालच्या पायऱ्यांवर आणा आणि पाण्याकडे नीट पाहत राहा. बुडबुडे जोरात येऊन एकदम नाहीसे होत असतील आणि थोड्या वेळाने पुन्हा जोरात येत असतील, तर यंत्र झटके देत आहे. संथपणे, एकसारखे बारीक बुडबुडे येत राहिले, तर ते यंत्र पुरणाच्या कामाचे. दुसरी चाचणी तव्याची आहे. तव्यावर रव्याचा पातळ थर पसरून मध्यम आचेवर न हलवता ठेवावा. वेटोळे लहान असेल, तर मधोमध तपकिरी चकती उमटते आणि कडेचा रवा पांढराच राहतो. भाकरीचेही नेमके असेच होणार, हे आपल्याला सांगायला नकोच. दुकानदार या चाचण्या करू देत नसेल, तर जिथे प्रत्यक्ष स्वयंपाक करून दाखवण्याची सोय आहे अशा दुकानात जावे. एवढ्या किमतीच्या वस्तूसाठी हा आग्रह धरणे मुळीच गैर नाही.

आता भाकरीकडे वळते, कारण आपल्या पत्रातली खरी अडचण तीच आहे. इंडक्शनवर भाकरी होते. बिडाचा किंवा लोखंडी तवा त्यावर उत्तम चालतो. फक्त तो सुरुवातीला मंद आचेवर हळूहळू तापवावा लागतो, कारण थंड बिडाला एकदम पूर्ण शक्ती दिली तर तव्याला तडा जाण्याची भीती असते. पाणी लावलेली बाजू सुकल्यावर भाकरी उलटायची आणि दुसरी बाजू झाल्यावर स्वच्छ फडक्याने कडा दाबत तव्यावरच फुगवायची. ती फुगते, पोटभर खाताही येते. परंतु ज्वाळेवर थेट धरलेल्या भाकरीचा पापुद्रा आणि तिचा खरपूस वास तव्यावर येत नाही. फुलक्यांचे तेच. जाळी ठेवून फुलका फुगवणे, वांगे भाजणे, पापड भाजणे, मिरची भाजणे या सगळ्याला ज्वाळाच हवी. फोडणीचे छोटे कढले हीही एक अडचण आहे, कारण भांड्याचा तळ साधारण १० ते १२ सेंटिमीटरपेक्षा लहान असला की पुष्कळशी यंत्रे भांडे ओळखतच नाहीत. ज्या घरात हे सगळे रोज होते, त्या घराने गॅस पूर्ण काढून टाकला तर सहा महिन्यांत कोपऱ्यात पुन्हा एक शेगडी येते. ती नंतर कशीबशी ठेवण्यापेक्षा आताच ओट्यात तिची जागा धरावी.

भांड्यांचा खर्च किमतीत धरायला विसरू नका. लोहचुंबक घेऊन आपली मांडणी तपासा. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम आणि हिंडालियमची भांडी बाद होतील हे उघड आहे, पण स्टीलची पुष्कळ जुनी पातेलीही चुंबकाला चिकटत नाहीत. गोल तळाची कढई कितीही लोखंडी असली तरी काचेवर नीट बसत नाही. कूकर, कढई, तवा, दोन पातेली आणि दुधाचे भांडे नव्याने घ्यायचे म्हटले, तर चांगल्या तिहेरी थराच्या स्टीलमध्ये ही रक्कम अनेक हजारांवर जाते.

या सगळ्या अडचणी मान्य करूनही नागपूरच्या घरासाठी मी इंडक्शनची बाजू आग्रहाने मांडते, त्याचे कारण मे महिना हे आहे. गॅसची ज्वाळा भांड्याबरोबर ओटा, भिंत आणि समोर उभे असलेले माणूस या सर्वांनाच तापवते, शिवाय ज्वाळा हलेल म्हणून पंखा लावता येत नाही. इंडक्शनवर पंखा खुशाल पूर्ण वेगाने लावावा. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी पंख्याखाली उभे राहून कूकर आणि भाजी करता येणे ही ओट्याशी उभे राहणाऱ्या बाईच्या आरोग्याची गोष्ट आहे, आणि घर बांधताना वा दुरुस्त करताना हा विचार फार थोड्या कुटुंबांत होतो याचे मला वाईट वाटते. गॅस जळताना निर्माण होणारा नायट्रोजन डायऑक्साइडही इंडक्शनमुळे टळतो. फोडणीचा धूर मात्र तसाच राहतो, तेव्हा चिमणी हवीच.

मुलाच्या हिशेबाविषयी. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. भारतीय मानकानुसार घरगुती एलपीजी शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते आणि इंडक्शनची साधारण ८५ टक्के धरता येते. त्या हिशेबाने एक सिलिंडर म्हणजे १४५ युनिट. रोजच्या वापरात ज्वाळा भांड्याबाहेर जाते, म्हणून मी १३५ धरते. सिलिंडर ९०० रुपयांना पडत असेल, तर वीज युनिटमागे सुमारे साडेसहा रुपयांपेक्षा स्वस्त असेल तेव्हाच इंडक्शन परवडते. आपल्या बिलातील वरच्या टप्प्याचा दर, सर्व आकार मिळवून, याहून जास्त असण्याची शक्यता मोठी आहे. सौर यंत्रणेमुळे चित्र बदलते, पण ते वर्षाच्या हिशेबावर अवलंबून आहे. ३ किलोवॉटची यंत्रणा महिन्याला सरासरी ३५० युनिटच्या आसपास वीज देते, पावसाळ्यात कमी. मागच्या आर्थिक वर्षाची बिले काढून पाहा. मार्चअखेर आपल्या खात्यावर युनिट शिल्लक राहत असतील, तर ते स्वयंपाकाला वापरणे निश्चित फायद्याचे, कारण शिल्लक युनिटांना मिळणारा दर आपण विकत घेतो त्या विजेच्या दरापेक्षा बराच कमी असतो. वातानुकूलन यंत्रामुळे शिल्लक काहीच राहत नसेल, तर स्वयंपाकाची प्रत्येक युनिट विकतची आहे. आणखी एक गोष्ट मुलाला जरूर सांगा : ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्याला, जोडलेली साधी सौर यंत्रणा वीज गेली की सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद पडते. डोक्यावर लख्ख ऊन असूनही त्या वेळी चूल पेटणार नाही आणि घरातल्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर हॉब चालत नाही.

चार झोनच्या हॉबचा एकूण भार ७ किलोवॉटच्या वर जातो, म्हणजे २३० व्होल्टला ३० ॲम्पियरहून अधिक प्रवाह. त्यासाठी मुख्य बोर्डापासून ६ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर, ३२ ॲम्पियरचा एमसीबी (जादा भार आला की वीज आपोआप तोडणारा खटका), उत्तम अर्थिंग आणि बहुधा महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेणे हे सगळे आले. दोन झोनचा हॉब साधारण साडेतीन किलोवॉटमध्ये भागतो. तरीही भिंत उघडी आहे तोवर ६ चौरस मिलिमीटरची वायर आताच टाकून घ्या, असा माझा सल्ला आहे; पुढे कधी मोठा हॉब घ्यावासा वाटला, तर नवी फरशी फोडावी लागणार नाही. हॉबच्या खाली हवा खेळेल एवढी मोकळी जागा सोडायला सुताराला सांगा. खाली गच्च भरलेला ड्रॉवर असला, की आतला पंखा गरम हवाच ओढत राहतो आणि यंत्र मध्येच बंद पडते.

सासऱ्यांच्या पेसमेकरविषयी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा सर्वसाधारण सल्ला असा आहे की, पेसमेकर असलेल्या व्यक्तीने चालू इंडक्शनपासून किमान ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. ओट्याशी उभे राहून स्वयंपाक करणारे माणूस त्याहून जवळ असते, तर जेवणाच्या टेबलाशी बसलेले पुष्कळ दूर. ते स्वतः चहा करून घेत असतील, तर तो गॅसवर करावा. शेजारी शेगडी ठेवण्याचे हे दुसरे कारण.

सासूबाईंसाठी इंडक्शन खरोखर उपयोगी आहे. भांडे उचलले की यंत्र थोड्याच वेळात आपोआप बंद होते, ठरावीक वेळ लावता येते आणि गॅस गळण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र महागड्या हॉबची काळी, सपाट, नुसत्या स्पर्शाने चालणारी पट्टी ज्येष्ठ माणसांना जड जाते. पिठाच्या बोटांना ती दाद देत नाही आणि त्यावर पाण्याचे चार थेंब सांडले की शिट्टी वाजून सगळे बंद पडते. फिरवायचा खटका असलेली किंवा निदान प्रत्येक झोनचे आकडे वेगळे आणि ठळक दाखवणारी रचना पाहावी आणि शक्य असेल तर सासूबाईंना दुकानात घेऊन जाऊन त्यांच्याच हाताने यंत्र चालू-बंद करून बघावे. आपण गॅस शेजारी ठेवणार असल्यामुळे त्याचा मुख्य कॉक रात्री आणि दुपारी बंद करण्याची जबाबदारी मात्र घरातल्या एका ठरावीक माणसाने घ्यावी.

पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्या : नागपुरात दुरुस्तीची सेवा आहे का आणि काच व आतला नियंत्रण बोर्ड यांची बदलण्याची किंमत किती. फुटलेली काच सहसा वॉरंटीत येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे ॲल्युमिनियमचे तीन कूकर आहेत. इंडक्शनवर ठेवायची लोखंडी चकती घेतली तर ते वापरता येतील का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वापरता येतील, पण तसे करू नये. चकती तापते आणि तिच्याकडून उष्णता कूकरला मिळते, म्हणजे इंडक्शनचा वेग आणि बचत दोन्ही जातात. शिवाय चकती भांड्यापेक्षा कितीतरी जास्त तापते, तिच्याखालची काच आणि उष्णतामापक यांवर ताण येतो आणि यंत्र वारंवार बंद पडू शकते. तीनपैकी जो कूकर रोज लागतो, त्याच्याऐवजी इंडक्शनचा तळ असलेला एक नवा घ्यावा आणि बाकीचे दोन गॅससाठी ठेवावेत. कोकणच्या दमट हवेत सुटे इंडक्शन ओट्यावर कायम पडून असेल, तर त्याच्या खालच्या जाळीतून मुंग्या आणि झुरळे आत शिरतात व बोर्ड जळतो. काम झाल्यावर प्लग काढावा, यंत्र पुसून कोरड्या कपाटात उभे ठेवावे.